टिकालच्या उत्खनन-नोंदी वाचताना अडतंय: ऑप, लॉट आणि उलटे क्रमांक

खाडीकाठ (दापोली)
नमस्कार मंडळी. आमचा पाच-सहा जणांचा गट दाभोळ खाडीच्या काठाने दिसणाऱ्या जुन्या खापरांची नोंद ठेवतो. खणत नाही, उचलत नाही. जागेवर फोटो, जीपीएस आणि वहीत नोंद, इतकंच. नंबर कसे द्यावेत ते ठरवण्यासाठी ग्वाटेमालातल्या टिकाल या माया शहराचे अहवाल वाचतोय (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाचा प्रकल्प, १९५६ ते १९७०). अडलेल्या गोष्टी:

१. '७बी/१२' अशा नंबरातला कुठला भाग काय सांगतो?
२. इमारतींच्या ५डी-३३-फर्स्ट, सेकंड, थर्ड या नंबरांत फर्स्ट सगळ्यात जुनी धरून तक्ता केला, तर कशाचाच मेळ बसत नाही.
३. काही जुन्या लिखाणातल्या तारखा आजच्यापेक्षा अडीचशेहून जास्त वर्षं मागे आहेत. चूक कुणाची?
४. आमच्या वह्या आणि ट्रेसिंग जुलैत बुरशी धरतात. काय करावं?

चिरेबंदी
पहिलं सोपं आहे, सातबारा वाचता येत असेल तर. ७ हे ऑपरेशन (ऑप), म्हणजे खोदकामाचं एक काम. सर्व्हे नंबर समजा. बी हे सब-ऑपरेशन, त्यातला एखादा खड्डा किंवा चर. हा झाला हिस्सा. १२ हा लॉट, म्हणजे त्या हिश्श्यातल्या एका ठिकाणाहून एकत्र काढलेला माल. लॉट नंबर त्या सब-ऑपरेशनपुरताच असतो. नुसतं 'लॉट १२' लिहिलेली चिठ्ठी म्हणजे गावाचं नाव नसलेला सातबारा. तुमच्या वहीत पूर्ण नंबर प्रत्येक ओळीत लिहा, वरच्या ओळीखाली '"' ची खूण नको. पानं सुटी झाली की ती खूण कशाची होती ते कळत नाही.

इमारतींचा नंबर वेगळ्या झाडाचा. प्रकल्पाच्या १९६१ च्या नकाशात ५०० मीटरचे चौकोन आहेत. ५डी हा चौकोन, ३३ त्यातली इमारत, आणि फर्स्ट-सेकंड-थर्ड हे बांधकामाचे टप्पे. फर्स्ट म्हणजे सगळ्यात शेवटी बांधलेली. खणणारा वरून खाली जातो, पहिली भेटते ती सगळ्यात नवी. फरशांचंही तसंच, फ्लोअर १ सगळ्यात वरची. आपल्याकडे जुनं जोतं न काढता त्यावरच भर घालून नवं जोतं उचलतात, तसं चित्र डोळ्यापुढे ठेवा. तक्ता उलटा करा, बसेल.

अजून एक खाचखळगा: १९११ साली मालेर आणि टोझर या दोघांचे टिकालवरचे अहवाल आले. त्यांची नावं-नंबर १९६१ च्या नकाशाशी जुळत नाहीत. जुन्या फोटोमागचा नंबर नव्या यादीत थेट शोधू नका. आधी जुना-नवा नंबर असा दोन रकान्यांचा तक्ता करा.

थर_वाचक
चिरेबंदींच्या उत्तराला एक पुरवणी, कारण इथेच लोक घसरतात. लॉट म्हणजे थर नव्हे. एका थरातून तीन लॉट निघतात, आणि घाईत दोन थरांचा माल एकाच लॉटमध्येही जातो. लॉट ४ हा लॉट ३ च्या खालीच असेल असं धरू नका. नंबर खणण्याच्या क्रमाने पडतात. थरांचा क्रम काढायचा असेल तर सेक्शनचं (खड्ड्याच्या उभ्या भिंतीचं) चित्र आणि लॉटची नोंद शेजारी ठेवून स्वतः जाळं आखा. थरांचा क्रम दाखवणारी आकृती, हॅरिस मॅट्रिक्स, १९७३ ची, त्यामुळे टिकालच्या मूळ कागदांत तयार आकृती मिळणार नाही.

वस्तूचं वय आणि ती जिथे सापडली त्या भरावाचं वय हेही वेगळं धरा. स्टेला (कोरलेला उभा दगड) ३१ वरची तारीख इ. स. ४४५ ची. ती सापडली १९६० साली ५डी-३३-सेकंडच्या खोलीत, आणि गाडली गेली वर फर्स्ट उभारली तेव्हा, म्हणजे ७ व्या शतकात. मध्ये दोनशेच्या वर वर्षं. स्टेलावरून भरावाची तारीख ठरवली तर सगळं घर कोसळतं.

आणि ५डी-३३-फर्स्टचा बराचसा भाग प्रकल्पानेच खणताना उतरवला. ती इमारत आता तपासायची तर वह्या, आराखडे आणि फोटो एवढंच शिल्लक आहे. म्हणून नंबरांच्या या कटकटीवर इतकं बोलतोय.

पंचांग_बाजूला
तिसऱ्याचं उत्तर: चूक वाचण्याची नाही, जोडण्याची. मायांची लाँग काउंट (दिवस मोजत जाणारी) तारीख आपल्या सनाशी जोडायला समीकरण लागतं. १९२०-३० च्या दशकांत काही जण स्पिंडन या अभ्यासकाचं वापरत. आज चालतं त्या जीएमटी (गुडमन-मार्टिनेझ-थॉम्पसन) समीकरणापेक्षा ते सुमारे २६० वर्षं मागे पडतं. टिकालच्या देवळांतल्या लाकडी तुळयांच्या कार्बन तारखा जीएमटीच्या बाजूने गेल्या. वहीत लाँग काउंटच लिहा आणि समीकरणाचं नाव शेजारी. सन नंतर कधीही काढता येतो.

कार्बन तारखा उतरवतानाही जपून. त्या काळच्या तारखा कॅलिब्रेट केलेल्या (खऱ्या सनाशी जुळवलेल्या) नसतात आणि कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलेलं असतं. छापलेला आकडा तसाच ठेवा, दुरुस्त आकड्याला वेगळा रकाना.

दमट_हवा
चौथा. टिकालही जंगलात, दमटच. (टिकाल टिकलं, वह्या टिकतील का, हा विनोद करून घेतो आणि पुढे जातो.)

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते. आपल्याकडे पावसाळ्यात ती बाहेर ९० च्या आसपास. शंभर उपायांपेक्षा एक घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. ५० च्या आसपास काटा राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास. वह्या डब्यात घालायच्या त्या एप्रिल-मेच्या कोरड्या दिवशी. जुलैतला दमट कागद बंद केलात तर ओल आतच कोंडते.

डांबरगोळ्यांनी किडे जातील, बुरशी नाही. लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. पीव्हीसीच्या कव्हरांऐवजी पॉलिप्रॉपिलीन घ्या. शाई पाण्याने पसरणारी असेल तर पेन्सिलच बरी, एचबी.

ट्रेसिंग ओल्या हवेत फुगतं, तेही एका दिशेला जास्त. म्हणून चित्रावरच दोन्ही दिशांना मापपट्टी आखा. १:२० ला १ मीटर म्हणजे ५ सेंटिमीटर. स्कॅनवर आडवं ५.० आणि उभं ५.१ आलं तर कागद ताणलाय हे लगेच कळतं. मापपट्टी नसलेल्या झेरॉक्सवरून अंतर मोजू नका. वही भिजलीच तर दोन दिवसांच्या आत पॉलिथिनमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये. उन्हात पसरलीत तर पानं वाकतात.

खाडीकाठ (दापोली)
तक्ता उलटा केला, बसला! म्हणजे आमच्यासाठी गाव-पट्टा-नोंद, जसं 'दाभोळ ३सी/१४', चालेल?

चिरेबंदी
चालेल, पण 'दाभोळ' ऐवजी ठरलेलं दोन अक्षरी चिन्ह ठेवा आणि त्याची यादी वहीच्या पहिल्या पानावर. नंबर रद्द झाला तर खोडा, पुन्हा दुसऱ्या कशाला देऊ नका. उत्तर दिशा होकायंत्राची की नकाशाची तेही लिहा. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहराचा नकाशा तिथल्या रस्त्यांच्या दिशेवर, खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५.५ अंश पूर्वेला आखलाय. ते न बघता मापं जुळवायला गेलात तर सगळे चौकोन तिरके पडतील. आणि काठ ढासळून खापरांचा थर उघडा पडला तर हात न लावता पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाला कळवा. परवान्याशिवाय खणता येत नाही, 'थोडंसं साफ केलं' हेही त्यातच मोडतं.