वर्षश्राद्धाला आजोबांवर छोटी पुस्तिका करायची आहे, कुठून सुरुवात करू?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गेल्या वैशाखात गेले. नव्वदीला टेकले होते, शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि आम्ही नातवंडांनी ठरवलंय की त्या दिवशी येणाऱ्या सगळ्यांना आबांवरची एक छोटी पुस्तिका द्यायची. लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पार अडकलेय.

घरच्यांकडून, पाहुण्यांकडून आठवणी मागवल्या तर आल्या त्या सगळ्या एकसारख्या. प्रेमळ होते, कष्टाळू होते, कुटुंबवत्सल होते, कधी कुणाला दुखवलं नाही. यात खोटं काहीच नाही, पण वाचून आबा डोळ्यासमोर येत नाहीत, कुणाच्याही आजोबांना लागू होईल असं आहे ते.

आणि खरी अडचण पुढेच आहे. आबा १९५५ च्या आसपास कणकवलीजवळच्या आमच्या गावातून मुंबईला गेले, लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते, राहायला गावकीच्या गाळ्यात, म्हणजे गावच्या लोकांच्या सामाईक खोलीत, जेवायला खाणावळीत, आजी आणि मुलं गावाला. घरी यायचे ते गणपतीत आणि मे महिन्यात, कधी शिमग्याला, बस. १९८२ च्या संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही आणि मग गावी आले ते कायमचे, तेव्हा माझे बाबा दहावीत होते. म्हणजे बाबा, काका, आत्या यांना लहानपणी वडील फारसे मिळालेच नाहीत आणि आम्हा नातवंडांना मात्र आजोबा पुरेपूर मिळाले. शाळेत सोडायला आबा, तापात उशाशी आबा, मे महिन्यात रातांबे फोडायला बसलो की प्रत्येकाला वेगळी परडी देणारे आबा. बाबांना विचारलं काय लिहू, तर म्हणाले, "तूच लिही, तुला ते जास्त माहीत आहेत." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पंचवीस-तीस वर्षं लांब राहिलेल्या माणसाला कुटुंबवत्सल म्हणायचं तर ते दाखवायचं कसं?

एक गोष्ट हाती लागलीय. आजीच्या ट्रंकेत मनिऑर्डरची कुपनं आहेत, दोऱ्याने बांधलेली, बरीच आहेत. फॉर्मवर मजकुरासाठी जी थोडी जागा असायची त्यात आबांचं बारीक अक्षर. एक वानगीदाखल देते: "रु. ६० पाठविले. वाण्याचे आधी देणे. मिरगाच्या आत घर शाकारून घेणे. मधल्याच्या पायाचे कळविणे." सगळी साधारण अशीच आहेत, कामाचीच. यातून काही होईल का? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

गिरणगावकर

ताई, आधी आबांना आदरांजली. माझे वडीलही त्याच गिरणगावातले, सूत कातायच्या त्रासन खात्यात होते, त्यामुळे तुमचं वाचून राहवलं नाही.

एक विनंती, "संपानंतर गावी आले" एवढ्या एका ओळीत तो भाग उरकू नका. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्यामुळे बऱ्याच कामगारांना आपली नोकरी अमुक दिवशी संपली असं सांगता येत नाही, आज सुटेल उद्या सुटेल करत माणसं गाळ्यात बसून राहिली, मग एकेक करून गावाला गेली, काही तिकडे शेतीला लागली, काही परत येऊन वॉचमन झाली, काहींनी भाजी विकली. तुमचे आबा नेमके कधी आले, येताना बरोबर काय आणलं, आल्यावर पहिल्या पावसात काय केलं हे आजीला विचारा. पंचविशी ओलांडलेली नोकरी हातातून गेल्यावर माणूस घरात कसा वागला यावरून तो कळतो.

आणि गाळ्यातली माणसं शोधा. एका खोलीत वीस-तीस जण, तेही पाळीपाळीने, एक रातपाळीवरून आला की दुसरा उठून जायचा आणि त्याच जागेवर हा आडवा व्हायचा. घरच्यांना दिसले नाहीत ते आबा या लोकांनी पाहिलेत. तुमच्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाकडे चौकशी करा, हयात असलेला एखादा तरी सापडेल, फक्त आता वेळ लावू नका.

जाता जाता, त्यांचं गिरणीचं ओळखपत्र, हजेरीचं कार्ड, पीएफचा कागद काही सापडलं तर जुनं म्हणून टाकू नका. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी आबांनी अर्ज केला होता का ते बघा, २०१२ पासून सोडती निघतायत आणि वारसांनाही हक्क आहे.

परळवाली

माझी आजी खाणावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा घरोघर होत्या खाणावळी, बाया पहाटे उठून पंधरा-वीस माणसांचं जेवण रांधायच्या, १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांसाठी. पगार झाला की माणसं आधी खाणावळीचे पैसे चुकते करायची आणि तिथून थेट पोस्टाच्या रांगेत. ज्यांना लिहिता यायचं नाही ते मनिऑर्डरचा फॉर्म घेऊन आमच्याकडे यायचे, माझ्या आईने शाळेत असताना कितीतरी लोकांचे फॉर्म भरलेत. आई सांगते, काय लिहू विचारलं की माणूस आधी बराच वेळ गप्प बसायचा आणि मग म्हणायचा, बैलाचं लिही.

तुम्ही म्हणताय सगळी कामाचीच वाक्यं आहेत. पण ती गावात वाचत कोण होतं? तुमच्या आजींना वाचता येतं का? नसेल तर पोस्टमनच मोठ्याने वाचून दाखवत असणार, आजूबाजूला सासू, जावा, शेजारी सगळे उभे. नवरा बायकोला अशा कुपनावर दुसरं लिहिणार तरी काय? मला तर "मधल्याच्या पायाचे कळविणे" वाचून भरून आलं. दोनअडीच ओळींची जागा आणि त्यात त्यांनी पोराचा पाय विसरला नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच ट्रंकेत आहे हो.

कागदकात्रण

कुपनांबद्दल थोडं तांत्रिक. लॅमिनेशन अजिबात करू नका, दुकानदार आग्रह करेल तरी नको, उष्णतेने शाई बिघडू शकते आणि एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल असतील तर हलक्या हाताने काढा. मोबाईलवर फोटो न काढता फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, दोन्ही बाजू करा कारण पोस्टाचा शिक्का आणि तारीख कुठल्या बाजूला असेल सांगता येत नाही. पावसाळ्याआधी उरका, कोकणातल्या दमटपणात ट्रंकेत कसर लागते. मूळ कुपनं मधे साधा पांढरा कागद घालून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

तारखेप्रमाणे लावून बघा. रक्कम कधी वाढली, कुठल्या महिन्यात आलीच नाही, कुठल्या वर्षी दोनदा आली. त्यांचं चरित्र त्यातच आहे.

जुना वाचक

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. कुपनं छापाच, पण बाबांचं ते वाक्यही पुस्तिकेत जाऊ द्या. आबा घरात नव्हते ही त्या मुलांची खरी आठवण आहे, तिच्यावर कौतुकाची शाल पांघरू नका. आमच्या वडिलांवर आम्ही अंक काढला तेव्हा सगळं गोड गोड लिहिलं होतं आणि माझ्या मोठ्या बहिणीने तो आजपर्यंत उघडलेला नाही.

आजीचं बोलणं रेकॉर्ड करा, पण श्राद्धाच्या गडबडीत नको, दुपारी निवांत. "आबा कसे होते" विचारलंत तर चांगले होते म्हणून गप्प बसतील. एकेक कुपन हातात द्या आणि हे कशाचे पैसे होते विचारा.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार, लगेच लिहू शकले नाही कारण मधे गावी जाऊन आले.

परळवाली ताई, तुमचं अगदी खरं निघालं. आजीला वाचता येत नाही, पोस्टमन खळ्यात उभा राहून वाचायचा आणि वाडीतल्या बायका गोळा व्हायच्या. मी विचारलं तुला कधी वाटलं नाही का गं तुझ्यासाठी काही लिहावं, तर म्हणाली प्रत्येक कुपनाच्या शेवटी असायचं की. मी परत बघितलं. खरंच, जवळजवळ प्रत्येकावर शेवटी "घरी जपून असणे" आहे, मी ते पत्राची रीत म्हणून सोडून देत होते. आजी म्हणाली, "ता माझ्यासाठी होता."

बाबांना पायाचं कुपन दाखवलं. लहानपणी ते आंब्यावरून पडले होते, पाऊल अजून थोडं वाकडं पडतं त्यांचं. वडिलांना हे कळलं होतं हेच त्यांना माहीत नव्हतं, मे महिन्यात आबा आले तेव्हा काही बोलले नव्हते म्हणे, फक्त जाताना त्या झाडाच्या खालच्या फांद्या तोडून गेले. बाबांनी ही गोष्ट आम्हाला कधीच सांगितली नव्हती. आता ते स्वतः दोन पानं लिहितायत, आणि आम्ही त्यात काही बदलणार नाही, जुना वाचक, तुमचं म्हणणं पटलं.

स्कॅनिंग कणकवलीत करून घेतलं, ६०० डीपीआय. कुपनं तारखेप्रमाणे लावल्यावर ८२ च्या जानेवारीनंतर एकदम थांबतात आणि त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर अजून एक येतं, १५ रुपयांचं. संपात ते पैसे कुठून आणले ते आजीला माहीत नाही. ग्रामस्थ मंडळातून गाळ्यातल्या एका काकांचा नंबर मिळालाय, हल्ली डोंबिवलीला मुलाकडे असतात, रविवारी त्यांच्याकडे जातेय. गिरणगावकर दादा, त्यांना काय काय विचारू ते सुचत असेल तर शनिवारपर्यंत नक्की लिहा.