विषय: पुन: सहलीचं पत्रक – ‘महान’ शब्दाबद्दल

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या पेन स्टेट विद्यापीठाच्या सहलीच्या पत्रकात ‘महान प्रशिक्षक जो पटर्नो यांची कर्मभूमी’ असं छापलंय. ‘महान’ तेवढं काढाल का?
– स्टेट कॉलेजची सून

---

अगं, काढायचं कशाला? मी ८३ साली तिथं एमएस करायला आलो, तेव्हा पटर्नोंच्या अमेरिकन फुटबॉल संघाला नुकतंच ८२चं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं होतं. ८६ला पुन्हा मिळालं. ४६ हंगाम, ४०९ विजय! जर्सीवर खेळाडूचं नाव नाही, पायात साधे काळे बूट, आणि पोरांनी वर्गात बसलंच पाहिजे हा हट्ट. लायब्ररीला खिशातून लाखो डॉलर दिले. फुटबॉल कोचच्या नावाची लायब्ररी दुसरीकडे दाखव मला.

आणि शेवट काय? २०११च्या नोव्हेंबरात रात्री घरी चिठ्ठी आली, तीत फोन नंबर. फोन लावला तर, ‘तुम्हाला काढलंय.’ ६१ वर्षांच्या नोकरीनंतर! अडीच महिन्यांत म्हातारा गेला. मुलांवर लैंगिक अत्याचाराचं पाप त्यांच्या जुन्या सहायक प्रशिक्षकाचं, सँडस्कीचं; भोगलं यानं.
– काका

---

काका, फोनवरून काढलं ते वाईटच. पण २००१मधली ती शनिवारची सकाळ आठवा. एक तरुण सहायक त्यांच्या घरी येऊन सांगतो, काल रात्री शॉवरमध्ये सँडस्की आणि एक लहान मुलगा पाहिला. पटर्नोंनी अ‍ॅथलेटिक डिरेक्टरला कळवलं, तेही लगेच नाही. लोकांचा वीकएंड मोडायला नको म्हणून, असं त्यांनीच साक्षीत सांगितलंय. पोलिसांना फोन नाही. सँडस्की पुढे दहा वर्षं मोकळा.

‘वर कळवलं, माझं काम झालं’ हे हेडक्लार्कनं म्हणावं. २००४मध्ये विद्यापीठाचा अध्यक्ष घरी येऊन ‘आता निवृत्त व्हा’ म्हणाला, तर यांनी त्याला सरळ नाही म्हणून परत पाठवलं. काका, त्यांच्या ‘वर’ होतं कोण?

विद्यापीठानं नेमलेल्या चौकशीच्या फ्रीह अहवालानं पटर्नोंनाही दोष दिला, त्यावर त्यांच्या घरच्यांचे आक्षेप आहेत, माहीत आहे. २०१२मध्ये शिक्षा म्हणून त्यांच्या नावावरून काढून घेतलेले १११ विजयही २०१५ला परत मिळाले. पण सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. त्या मुलांचं काय परत मिळालं?

---

बरं बाई, ‘महान’ काढतो. ‘४६ वर्षं प्रशिक्षक’ एवढंच ठेवतो. पुतळा होता तिथं फोटोसाठी थांबायचं ठरलं होतं, तेही खोडतो. २०१२ला हलवलाय तो.

विद्यापीठाच्या आइस्क्रीमच्या दुकानात, क्रीमरीत, मात्र थांबणार. ‘पीची पटर्नो’ आइस्क्रीम अजून मिळतं, मी तेच घेणार. तू दुसरं घे.
– काका