प्रतिसाद: बहिणीकडे कोण बघणार?
गावाकडचे आईबाप दिव्यांग मूल लाजेपोटी घरात ठेवतात असं वरच्या लेखात म्हटलंय. असेलही, पण आमच्या बीडकडे दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला निघाली की सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचाल नीट न जमणारं) पोर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, कसं न्यायचं, मग ते आजीकडे राहतं आणि त्याचं सगळं तेरा-चौदा वर्षांच्या बहिणीवर येतं. शेजारीच बघितलंय, भावाला टेकवून बसवायचं, मऊ भात भरवायचा, ठसका लागला की पाठ चोळायची, शाळा सुटलेलीच. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना ठेवायचं हंगामी वसतिगृह आहे हो, पण त्याला टाकून ती जाणार कशी? तिची झोप उडाली, बोलणं बंद झालं, घरचे म्हणे वयच तसंय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, पण घरातला फोन आईबापांबरोबर फडात असतो, म्हणून गावच्या आशाताईंनी (आरोग्य कार्यकर्तीनं) आपल्या फोनवरून लावून द्यायला हवा.