रिग्ड हिल्बर्ट स्पेस: गरज की नुसता थाट?

लंबवर्तुळ: फॉन नॉयमनने १९३२ मध्ये डेल्टाला (एका बिंदूवर एकवटलेलं, खरं फंक्शन नसलेलं ‘फंक्शन’) हात न लावता क्वांटम मेकॅनिक्स उभं करून दाखवलं. मग आत श्वार्ट्झ स्पेस (डेरिव्हेटिव्ह्जसकट झपाट्याने शून्याकडे जाणारी गुळगुळीत फंक्शन्स), मध्ये एल-टू (वर्गाचं इंटिग्रल सान्त असलेल्या फंक्शन्सची हिल्बर्ट स्पेस), बाहेर टेम्पर्ड डिस्ट्रिब्युशन्स (श्वार्ट्झ स्पेसचा ड्युअल, म्हणजे तिच्यावरचे कंटिन्युअस फंक्शनल) हा रिग्ड हिल्बर्ट स्पेसचा तीन मजली थाट कशाला? ऑपरेटरला प्रोजेक्शन्समध्ये मांडणारं स्पेक्ट्रल प्रमेय पुरतं.

सीमारेषा: पुरतं, प्रोजेक्शन्सवर समाधान असेल तर. मोमेंटमच्या प्लेन वेव्ह्जपैकी (ई-घात-आय-के-एक्स, के वास्तव) एकही एल-टूत नाही, तरी फूरिये इंटिग्रल लिहिताना विस्तार त्यांच्यावरच करता ना? त्यांना जागा बाहेरच्या मजल्यावरच मिळते. गेलफांड-कोस्त्युचेन्को यांचं प्रमेय, १९५५: आतली स्पेस न्यूक्लियर (ढोबळमानाने, अनंत मितीची असूनही सान्त मितीसारखी वागणारी) आणि डेन्स (एल-टूमधल्या प्रत्येकाच्या हवं तितकं जवळ पोचणारी) हवी, ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट हवा आणि त्याने तिला तिच्यातच, कंटिन्युअस रीतीने नेलं पाहिजे. मग आयगेनव्हेक्टरांचा (ऑपरेटर लावल्यावर फक्त लॅम्डा पट होणाऱ्यांचा) पूर्ण संच मिळतोच. एवढं वाचा, मग थाट म्हणा.

लंबवर्तुळ: वाचलंय. त्या अटींत कॉम्पॅक्ट सपोर्टची (मर्यादित भागाबाहेर शून्य असलेली, गुळगुळीत) टेस्ट फंक्शन्सही बसतात. ती घेतली की ई-घात-लॅम्डा-एक्स हा कुठल्याही कॉम्प्लेक्स लॅम्डासाठी मोमेंटमचा आयगेनव्हेक्टर! छान जागा आहे, ज्याची किंमत स्पेक्ट्रममध्ये (ऑपरेटरच्या खऱ्या किमतींत) नाही असंही कोणीही घुसतं.

सीमारेषा: आत जितकं कमी ठेवाल तितकी बाहेर गर्दी होणारच. श्वार्ट्झ घ्या. हार्मोनिक ऑसिलेटरला (वजा दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक एक्स-वर्ग) लॅम्डा १, ३, ५… सोडून दुसरा दिला, तर उत्तर निदान एका टोकाला ई-घात-एक्स-वर्ग-भागिले-२ सारखं फुगतं आणि टेम्पर्ड राहत नाही. घुसखोर गेले.

कमकुवत_उकल: न्यूक्लियरचं कौतुक पुरे. पीडीईत (पार्शियल डिफरेन्शियल समीकरणांत) एच-वन-नॉट (फंक्शन आणि पहिला डेरिव्हेटिव्ह एल-टूत, सीमेवर शून्य), एल-टू, एच-मायनस-वन (एच-वन-नॉटचा ड्युअल) एवढ्यावर भागतं.

रीझभक्त: एच-वन-नॉट स्वतःच हिल्बर्ट. रीझचं प्रमेय (हिल्बर्ट स्पेसवरचा प्रत्येक कंटिन्युअस फंक्शनल म्हणजे तिच्यातल्याच एका व्हेक्टरशी इनर प्रॉडक्ट) लावा, ड्युअल म्हणजे तीच स्पेस. तिन्ही एकच, विषय संपला.

कमकुवत_उकल: अहो, संपला कुठे, बिघडला! एल-टूला पिव्हट मानलंत, म्हणजे त्याच्याच ड्युअलशी एकरूप धरलंत, की दुसऱ्यांदा रीझ लावायची सोय उरत नाही. ० ते १ वर यू म्हणजे साइन-पाय-एक्स घ्या, व्ही एच-वन-नॉटमधलं कुठलंही. पिव्हटमधून फंक्शनल येतो तो यू गुणिले व्ही चं इंटिग्रल. रीझमधून येतो डेरिव्हेटिव्हच्या गुणाकाराचं इंटिग्रल, म्हणजे आधीच्याच्या पाय-वर्ग पट. दोन्ही एकच म्हणायचं तर पाय-वर्ग बरोबर १ लिहा. आणि एच-वन-नॉटमधला ‘नॉट’ शोभेचा नाही. नुसत्या एच-वनवर ‘व्ही ची शून्यावरची किंमत’ हा फंक्शनल सगळ्या टेस्ट फंक्शन्सवर शून्य, पण स्वतः शून्य नाही. तो डिस्ट्रिब्युशन म्हणून ओळखणार कसा?

सीमारेषा: हे बरोबर, पण तुमचं ‘भागतं’ मितीवर अवलंबून आहे. आयगेनव्हेक्टर हवे असतील तर हिल्बर्ट-श्मिट एम्बेडिंग (आतल्या स्पेसचं एल-टूत बसणं, ज्याच्या सिंग्युलर व्हॅल्यूजच्या वर्गांची बेरीज सान्त असते) पुरतं. ० ते १ वर सिंग्युलर व्हॅल्यूज १/(एन-पाय), वर्गांची बेरीज १/६, झकास. चौरसावर तीच बेरीज लॉगसारखी वाढत जाते. डेल्टाही तिथेच एच-मायनस-वनमधून निसटतो. तेव्हा आत एच-वनऐवजी एच-एस (एस डेरिव्हेटिव्ह्ज एल-टूत) घ्या, एस मितीच्या निम्म्याहून मोठा.

लंबवर्तुळ: प्लेन वेव्हपुरतं मान्य, तुमच्या समाधानासाठी. चौकोनी बॅरियरचं काय? पोटेन्शियलला उडी आहे, गुणल्यावर श्वार्ट्झ फंक्शन श्वार्ट्झ राहत नाही.

सीमारेषा: दोन्ही उड्यांवर सगळ्या डेरिव्हेटिव्ह्जसकट शून्य होणारी फंक्शन्स घ्या, पोटेन्शियलने गुणूनही ती त्याच स्पेसमध्ये राहतात. श्वार्ट्झची उपस्पेस, म्हणून न्यूक्लियर. डेन्सही आहे.

लंबवर्तुळ: मग बॅरियरच्या आत कुठल्याही लॅम्डाचं उत्तर घ्या आणि बाहेर शून्य ठेवा. टेस्ट फंक्शनला उडीवर काही दिसतच नाही, सीमेवरच्या टर्म्स गळतात, हाही आयगेनव्हेक्टर! घुसखोर परत आले की साहेब.