सोसायटीच्या गेटवर दुधाचं मशीन: पिशवी सोडायची का?

वर्तकनगरकर
आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सुट्या दुधाचं मशीन बसवायचा प्रस्ताव आलाय. क्यूआर स्कॅन करायचा, नळाखाली आपलं पातेलं धरायचं, पाव लिटर हवं तर पाव लिटर घ्यायचं. मीटिंगमध्ये निम्मे हो म्हणाले, निम्मे नको. मी मशीनच्या बाजूने आहे. ठाणे-नवी मुंबईकरांनी मत द्यावं, विरोधातलं असेल तर जरूर द्यावं.

आमची सव्वाशे घरं. घरटी रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या धरल्या तरी महिन्याला साडेसात हजार होतात. त्यातल्या बऱ्याचशा न धुता, दूध गळत, कचऱ्याच्या डब्यात जातात. आणि कात्रीने उडवलेला तो कोपरा? तो सिंकमधून खरकट्यात आणि खरकट्यातून कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. आमच्याकडे खत चाळायला घेतलं की चाळणीवर सगळ्यात जास्त हेच निळे-हिरवे त्रिकोण उरतात. ते ना कुजतात, ना कुणी भंगारवाला उचलतो.

सुटं दूध म्हणजे काही नवं खूळ नाही. दिल्लीत मदर डेअरी १९७०च्या दशकापासून बूथवर टोकन टाकून पाश्चराइज केलेलं सुटं दूध विकतेय, लोक किटली घेऊन जातात. केनियात दुधाची एटीएम आहेत, हातावर पोट असणारा माणूस खिशात असतील तेवढ्या पैशांचं दूध नेतो. इटली आणि स्लोव्हेनियात शेतकऱ्यांनीच अशी मशीन लावली. मग ठाण्यात का नको?

टँकर_ते_क्रेट (वाशी)
डेअरीच्या पॅकिंग विभागात आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट विरोध नोंदवतो. थोडं लांबेल, पण वाचा.

आपल्याकडचं बरंचसं दूध कोल्हापूर-सांगली-नगरकडून टँकरने येतं. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं, लगेच ४ अंशांपर्यंत थंड केलं, पिशवीत भरलं आणि सील मारलं की तुमच्या कात्रीपर्यंत त्या दुधाला कुणाचा हात लागत नाही. पिशवीचं खरं काम हे आहे. मशीनमध्ये कॅन ओतायचा, मग पंप, पाइप, नळ. दूध जिथे जिथे लागतं तिथे थर धरतं. डेअरीत प्रत्येक पाळीनंतर त्या पाइपांतून कॉस्टिक, ॲसिड, गरम पाणी फिरवतो. तुमच्या गेटवर हे रोज कोण करणार? वॉचमन? मे महिन्यात वीज गेली आणि टाकीतलं दूध दोन-तीन तास कोमट राहिलं, तर नंतर थंड करून काही उपयोग नसतो, जंतू तोवर वाढलेले असतात. दिल्लीत चालतं, कारण तिथे टँकरपासून नळापर्यंत सगळी व्यवस्था एकाच संस्थेने उभी केली. गेटवरचं एक सुटं मशीन म्हणजे ती व्यवस्था नव्हे. आणि इटली-स्लोव्हेनियातल्या त्या मशीनमधून बहुतेक कच्चंच दूध मिळतं, हेही लक्षात घ्या.

आता प्लास्टिक. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्याच दुधाची काचेची बाटली सहज पाव किलोच्या वर जाते. म्हणजे दहा लिटर दुधामागे पाच किलो काच वाशीहून घोडबंदरला न्यायची, रिकामी परत आणायची आणि गरम कॉस्टिकने धुवायची. त्याचं डिझेल आणि पाणी हिशेबात धरायला नको का? शिवाय पारदर्शक काचेतून उजेड लागला की दुधातलं बी-२ जीवनसत्त्व नासतं.

पिशवी ही गरिबाची नाइलाजाने केलेली सोय आहे, हा समजही काढून टाका. कॅनडात ड्यूपाँट कंपनीने १९६७ मध्ये पिशवी आणली. ओंटारियो आणि क्वेबेकमध्ये आजही ४ लिटरचं दूध १.३३ लिटरच्या तीन पिशव्यांत घालून विकतात. पिशवी जगमध्ये उभी करायची आणि कोपरा कापायचा, अगदी आपल्यासारखंच. इस्रायलमध्येही पिशवी आहे.

जांभळीनाका
टँकर साहेब, मशीनबद्दल तुमचं पटतं. काचेबद्दल अजिबात नाही.

आरेच्या बाटल्या आमच्या पिढीने वापरल्यात. निळ्या-पांढऱ्या केंद्रावर सकाळी रांग, हातात रिकाम्या बाटल्या, कार्ड दाखवायचं, भरलेल्या घ्यायच्या. तोंडावर पातळ पत्र्याचं झाकण. ते अंगठ्याने दाबलं की आतल्या बाजूला साय चिकटलेली असायची आणि ती चाटायला आम्हा भावंडांत भांडणं व्हायची. अख्ख्या मुंबईला असं दूध पाजलं गेलं. १९४९ साली आरे कॉलनी उभी करणाऱ्या दारा खुरोडींना पुढे १९६३ मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांच्या जोडीने मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा जमलं, आज रस्ते आणि गाड्या जास्त असताना का जमू नये?

बाटली कुठे टिकते ते बघा. इंग्लंडमध्ये दूधवाला विजेच्या गाडीतून दारात बाटली ठेवायचा आणि रिकामी उचलून न्यायचा. लोक सुपरमार्केटातून प्लास्टिकच्या कॅनमध्ये दूध आणायला लागले तशी बाटली मागे पडली. म्हणजे बाटलीला रोज दारात येणारा माणूस लागतो. तो आपल्याकडे आजही आहे! लाईन टाकणारा मुलगा पहाटे प्रत्येक मजल्यावर येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. जर्मनीत तर बाटली दुकानात परत दिली की १५ सेंट मिळतात. प्लास्टिकच्या बाटलीतल्या दुधावरही २०२४ पासून २५ सेंट अनामत लावली आहे.

कोपरी_लाईन
माझी दुधाची लाईन आहे, म्हणून बोलतो. रिकाम्या हाताने परत जातो हे बरोबर, पण ताई, तो जातो कसा ते बघा. सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या, जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, साडेसहाच्या आत लाईन संपवायची, मग त्याला कॉलेज किंवा दुसरी नोकरी. त्याच्या खांद्यावर काच द्यायची असेल तर आधी त्याचा पगार दुप्पट करा. एक बाटली जिन्यात फुटली तर भरपाई कोण देणार? आज पिशवी लिकेज निघाली तर डेपोला परत देतो, तीही सगळीकडे बदलून मिळत नाही. आमचं कमिशन लिटरमागे इतकं कमी आहे की एक लिकेज पिशवी कित्येक पिशव्यांची कमाई खाते.

काचेच्या बाटलीतलं दूध आजही येतं, नाही असं नाही. लिटरला शंभराच्या वर. टॉवरमध्ये घेतात. कोपरीच्या चाळीत कोण घेणार?

ब्रह्मांड_फेज
दोघं नोकरीला, घरी यायला रात्र. आम्ही सरळ टेट्रापॅकचा खोका आणून ठेवतो. १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं, त्यामुळे न उघडता महिनोन्‌महिने बाहेर टिकतं, उकळायची गरज नाही. फ्रान्स-स्पेनमध्ये बहुतेक घरांत असंच दूध असतं. लाईन नको, मशीन नको.

जांभळीनाका
त्या खोक्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करायला खास कारखाना लागतो. भंगारवाला हात लावत नाही. आणि त्या दुधावर साय धरत नाही. ज्या घरात आठवड्याची साय साठवून लोणी काढतात त्या घराला त्याचा काय उपयोग?

चरईकर
एक वेगळा मुद्दा, ज्याकडे कुणीच बघत नाही. माझ्या आईला आता फार अंधुक दिसतं. फ्रीजमध्ये गाईच्या दुधाची, म्हशीच्या दुधाची आणि ताकाची पिशवी, तिन्ही हाताला सारख्याच लागतात. चहात ताक पडलंय आमच्याकडे, आणि तेव्हाचा तिचा चेहरा मला बघवला नाही. जपानमध्ये दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वरच्या कडेला एक खाच असते. बोट फिरवलं की कळतं, हे दूध आहे. खाच उघडायच्या बाजूच्या बरोबर उलट असते, त्यामुळे कुठून उघडायचं तेही समजतं. आपल्या पिशवीच्या सीलवर दोन उंचवटे द्यायला डेअरीला कितीसा खर्च येईल? पिशवी ठेवायची असेल तर निदान ती सगळ्यांना वापरता येईल अशी तरी करा.

टँकर_ते_क्रेट (वाशी)
चरईकर, हे करता येण्यासारखं आहे. सील मारणारा जबडा धातूचाच असतो, त्यावर नक्षी बदलता येते. डेअरीला ग्राहक म्हणून लेखी पाठवा, सोसायटीच्या लेटरहेडवर.

सुका_कचरा_नेरुळ
आम्ही काही जण सेक्टरमध्ये सुका कचरा वेगळा करतो. पिशवीच्या बाजूने बोलणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की तीन ग्रॅमचा हिशेब पिशवी परत आली तरच खरा. धुतलेली, वाळलेली दुधाची पिशवी भंगारवाला किलोवर आनंदाने घेतो, कारण तो चांगल्या प्रतीचा एकसारखा प्लास्टिक माल असतो. तीच पिशवी आंबलेल्या दुधासकट आली की तिला वास आणि मुंग्या, मग ती तुर्भ्याच्या डम्पिंगला.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट देतानाच तिच्यावर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची अट होती. तुमच्यापैकी कुणाला कधी दुकानात ते ५० पैसे मिळालेत का? मला नाही. अट पाळली असती तर आज मशीनची चर्चाच निघाली नसती. आणि कोपरा पूर्ण कापू नका. अर्धी चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. वर्तकनगरकरांच्या खड्ड्यातले त्रिकोण उद्यापासून बंद होतील, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

घणसोलीकर
पिशवीच्या सीलवर एवढा विश्वास? ब्लेडने पिशवी उघडून, दूध काढून, पाणी घालून मेणबत्तीवर पुन्हा चिकटवणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या मुंबईत दर थोड्या महिन्यांनी येतात. कोपऱ्यावर वेडीवाकडी, जाडसर दुसरी शिवण दिसली तर ती पिशवी घेऊ नका.

वर्तकनगरकर
सगळं वाचलं. सुट्या दुधाच्या बाजूने मी अजूनही आहे. आपल्या भांड्यात दूध आणलं तर कचरा तयारच होत नाही, आणि तयार झालेला कचरा गोळा करण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण टाकी कोण धुणार याचं उत्तर मशीनवाल्याकडून लेखी आल्याशिवाय मी स्वतः मत टाकणार नाही. तोवर एक विचारतो. कोपरी लाईन, धुतलेल्या पिशव्या आम्ही दाराच्या कडीला अडकवल्या तर तुमचा मुलगा परतीच्या वाटेवर नेईल का? भंगाराचे पैसे त्याचे.

कोपरी_लाईन
वर्तकनगरला दुसऱ्याची लाईन आहे, पण माझ्या लाईनवर विचारलं तर पोरं हो म्हणतील. रोज नको, रविवारी. त्या दिवशी घाई कमी असते. पिशव्या वाळलेल्या हव्यात, ओल्या नेल्या तर भंगारवाला वजनात काटतो आणि भांडण पोराचं होतं.

टँकर_ते_क्रेट (वाशी)
वर्तकनगरकर, लेखी मागताना यातलं काही सोडू नका. दूध पाश्चराइज केलेलं आहे की कच्चं. टाकीचं तापमान बाहेरून वाचता येईल असा मीटर. वीज गेल्यावर किती वेळाने नळ आपोआप बंद होतो. आणि टाकी धुतल्याची तारीख, वेळ व सही असलेला कागद मशीनवरच लावलेला. चारही मिळाले तर मला बोलवा, मी येऊन नळ उघडून बघतो.