विमान रद्द झालं, मग माणसाला घरी पोचवायचं कुणी?
(सोलापूरकरांची चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी तो राहतो तो भाग दिला आहे.)

होटगी रोड
डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराच्या वर. आपल्या सोलापूरची माणसं लांबच्या प्रवासाला पुण्याहून नाहीतर हैदराबादहून विमान धरतात. तिथं अडकलं की घर अडीचशे-तीनशे किलोमीटर लांब. पुण्याच्या माणसाला निदान रिक्षा करून घरी जाता येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कारण काहीही असो, रद्द केलेल्या विमानातल्या प्रवाशाचं जेवण, रात्रीचा मुक्काम आणि पुढं पोचवणं कंपनीनंच करायला हवं. भरपाई वेगळी. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा नियम असा, की २४ तास आधी कळवलं नाही तर उड्डाण किती वेळाचं आहे त्यानुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं कमी असेल ते. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप अशा कारणांना भरपाई नाही. ठीक, तेवढं मान्य. पण काउंटरवर तेच कारण पुढं करून पाण्याची बाटलीसुद्धा देत नाहीत, याचा मला संताप येतो.

सात रस्ता
संताप समजतो, पण बिल कोण भरणार? आपल्याला विमानसेवा मिळायला किती वर्षं गेली आठवा. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला सुरू झालं, मुंबईचं १५ ऑक्टोबरला. ही छोट्या कंपन्यांची छोटी विमानं. धुक्यानं एक फेरी गेली आणि साठ-सत्तर जणांची हॉटेलं करावी लागली, तर महिन्याची कमाई त्यातच जाईल. मग पहिली बंद होणार ती सोलापूरचीच फेरी.

जुळे सोलापूर
धुक्याचं सोडा, डिसेंबरात धुकं कुठं होतं? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून. इतका वेळ हातात असून इंडिगोनं पुरेसे वैमानिक भरले नाहीत, तर त्याला आपत्ती कसं म्हणायचं? आणि उलट वैमानिकांच्या विश्रांतीलाच लोक शिव्या घालत होते. दमलेल्या माणसाच्या हातात मी तरी माझी आई देणार नाही.

सात रस्ता
त्या प्रकरणात दोष कंपनीचाच, मी कुठं नाही म्हटलं. माझा विरोध ‘कारण काहीही असो’ या शब्दांना आहे. रेल्वे तीन तासांहून जास्त लेट झाली आणि आपण गेलो नाही, तर तिकिटाचे पैसे परत, बस्स. स्टेशनवर खोली कोण देतं? विमानालाच एवढं का?

होटगी रोड
कारण रेल्वे चुकली तर मागून दुसरी येते. आपल्या विमानतळावर दोन तासांनी दुसरं विमान नसतं. युरोपात २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं थांबली. कंपनीचा काय दोष? तरी २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयानं सांगितलं, की नुकसानभरपाई नको, पण जेवण-मुक्काम द्यावाच लागेल. मला तेवढंच हवंय. आणि छोट्या मार्गावर हॉटेल परवडत नसेल तर मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसवून द्या.

सात रस्ता
सिद्धेश्वरचं तिकीट ऐनवेळी मिळतं का कधी? तो खर्च शेवटी आपल्याच तिकिटात येणार.

होटगी रोड
मग बस करा. साठ माणसांना दोन बसगाड्या लागतील. तिकीट शंभर-दोनशेनं वाढलं तरी चालेल, पण म्हाताऱ्या माणसांनी रात्र जमिनीवर काढायला नको.

नवी पेठ
मी तिकिटांचं काम करतो, म्हणून एक सांगतो. आमच्यातले बरेच जण बुकिंगला स्वतःचाच नंबर टाकतात. रद्दचा मेसेज एजंटला जातो, प्रवासी विमानतळावर जाऊन उभा राहतो. संपर्काचा तपशील दिला नाही म्हणून कंपनी भरपाई नाकारू शकते, नियमात तसं आहे. तेव्हा तिकिटावर आपला नंबर आहे का बघा. आणि तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच असते. एजंटकडे बोट दाखवलं तर ऐकून घेऊ नका.

जुळे सोलापूर
तक्रारीसाठी मुंबई-दिल्लीला जायचीही गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सोलापुरातच, दावा लावता येतो. दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. बोर्डिंग पास, मेसेज, जेवणाची आणि टॅक्सीची बिलं सांभाळून ठेवा.

सात रस्ता
हे मात्र करावंच. इंडिगोसारख्या मोठ्या कंपनीवर शंभर दावे पडले तर मला आनंदच होईल. सोलापूरच्या विमानावर धुक्यासाठी दावा टाकणार असाल, तर त्याला माझा विरोध कायम.