जुन्या लॅपटॉपवर डेबियनच टाका

२ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालेल, असं तुम्ही विचारलंत. मी फोंड्याचा. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या फुकट घरपोच येणाऱ्या सीडीपासून सुरुवात केली. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. मग फेडोरा, हाही लिनक्सचाच प्रकार. छान आहे, पण एका आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात. शेवटी डेबियन हे लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, तिथेच स्थिरावलो.

एका पावसाळ्यात अपग्रेड चालू असतानाच वीज गेली. बॅटरी कधीचीच मेलेली. परत सुरू केलं तर काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड दिली, अर्धवट राहिलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) एकेक करून बसली, एकही फाइल गेली नाही. त्या दिवसापासून डेबियनवर जीव जडला.

२०२३ च्या सप्टेंबरात डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनवाल्यांची परिषद, कोचीला होती. मडगावहून रेल्वेने गेलो. ज्यांची पॅकेजेस आपण रोज वापरतो ती माणसं शेजारी जेवायला बसलेली! जमेल तेव्हा अशा ठिकाणी जाच.

तुमचा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र डेबियन १२ घ्या. १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही.